प्लग-इन (माहिती तंत्रज्ञान संचालन)

प्लग-इन म्हणजे एखाद्या मूळ सॉफ्टवेअरला बाहेरून जोडता येणारा आणि त्या सॉफ्टवेअरची क्षमता वाढवणारा स्वतंत्र घटक होय. सर्व्हरवर देखरेख ठेवणे, ठरलेल्या वेळी कामे चालवणे, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या बसवणे, माहितीच्या राखीव प्रती घेणे ही माहिती तंत्रज्ञान विभागाची नित्याची कामे आहेत. ती माणसाऐवजी सॉफ्टवेअरकडून करून घेण्याला संचालन स्वयंचलन म्हणतात. या क्षेत्रात प्लग-इनला मध्यवर्ती स्थान आहे. कोणते काम कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे हे मूळ सॉफ्टवेअर ठरवते. मात्र एखाद्या विशिष्ट डेटाबेसशी, राउटरशी किंवा यूपीएसशी संपर्क कसा साधायचा हे त्या त्या प्लग-इनला ठाऊक असते.

नागिओस, जेन्किन्स, अन्सिबल, टेराफॉर्म आणि एचटीकॉन्डॉर ही प्लग-इनवर आधारलेल्या सॉफ्टवेअरची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. प्लग-इनमुळे एकच सॉफ्टवेअर अनेक प्रकारच्या यंत्रणांना लागू पडते. परंतु मूळ सॉफ्टवेअर प्लग-इनवर पूर्ण विश्वास टाकत असल्यामुळे सदोष, दुर्लक्षित किंवा दूषित प्लग-इनमुळे संपूर्ण यंत्रणा धोक्यात येऊ शकते.

## रचना व कार्यपद्धती

ज्या सॉफ्टवेअरला प्लग-इन जोडले जाते त्याला यजमान सॉफ्टवेअर म्हणतात. यजमान आणि प्लग-इन यांच्यातील देवाणघेवाण एका ठरलेल्या नियमसंचानुसार होते. प्लग-इनला कोणती माहिती पुरवली जाईल, त्याने उत्तर कोणत्या स्वरूपात द्यावे, अपयश कसे कळवावे आणि किती वेळात काम संपवावे, या बाबी त्यात निश्चित केलेल्या असतात. हा नियमसंच जितका लहान आणि स्थिर, तितके नवे प्लग-इन लिहिणे सोपे जाते. यजमानाला प्लग-इनची अंतर्गत रचना माहीत असण्याची गरज नसते आणि प्लग-इन लिहिणाऱ्यालाही यजमानाचा सगळा कोड वाचावा लागत नाही.

चालवण्याच्या पद्धतीनुसार प्लग-इनचे दोन मुख्य प्रकार पडतात.

* प्रक्रियेच्या आत चालणारे प्लग-इन: हे यजमानाच्याच स्मृतीत उतरवले जातात. देवाणघेवाण वेगवान होते, पण प्लग-इन कोसळल्यास यजमानही कोसळू शकतो आणि यजमानाला दिसणारी सर्व माहिती प्लग-इनलाही दिसू शकते. जेन्किन्सचे प्लग-इन या प्रकारचे आहेत.
* स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालणारे प्लग-इन: यजमान त्यांना वेगळा प्रोग्रॅम म्हणून सुरू करतो आणि त्यांच्याकडून केवळ उत्तर घेतो. प्लग-इन बंद पडले तरी यजमान चालू राहतो. नागिओस आणि टेराफॉर्म यांचे प्लग-इन या प्रकारात मोडतात. तथापि, वेगळी प्रक्रिया असली तरी ती सहसा यजमानाच्याच वापरकर्ता-खात्यातून चालते. म्हणून अधिकारांच्या दृष्टीने हे वेगळेपण मर्यादित असते.

## देखरेखीतील प्लग-इन: नागिओस

नागिओस हे संगणक जाळ्यावर देखरेख ठेवणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर एथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये ‘नेटसेंट’ या नावाने प्रसिद्ध केले. २००२ मध्ये त्याचे नाव नागिओस झाले. त्याच्या गाभ्यात कोणतीही तपासणी करण्याची क्षमता नाही. सर्व्हर चालू आहे का, डिस्कवर जागा उरली आहे का, संकेतस्थळ उघडते का, यांपैकी प्रत्येक प्रश्नासाठी त्याला प्लग-इन लागते.

हे प्लग-इन कोणत्याही संगणकीय भाषेत लिहिता येते. नियम मोजकेच आहेत. प्लग-इनने एका ओळीत परिस्थितीचे वर्णन छापावे आणि काम संपवताना पुढीलपैकी एक संकेतांक परत करावा.

* ० : ठीक
* १ : इशारा
* २ : गंभीर
* ३ : अज्ञात

वर्णनाच्या ओळीत उभी रेघ देऊन तिच्यापुढे मोजमापाचे आकडे लिहिता येतात. इतर सॉफ्टवेअर त्यांवरून आलेख काढते. हा नियमसंच इतका सुटसुटीत ठरला की नागिओसपासून २००९ मध्ये वेगळ्या झालेल्या आयसिंगा या सॉफ्टवेअरनेही तो कायम ठेवला. त्यामुळे एकासाठी लिहिलेले प्लग-इन सामान्यतः दुसऱ्यातही चालते.

### उदाहरण: तालुक्याच्या ठिकाणची कार्यालये

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. त्यातील तपासणीची पद्धत मात्र नागिओसच्या नेहमीच्या वापरासारखीच आहे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या काही कार्यालयांतील संगणकांवर जिल्ह्याच्या मुख्यालयातून देखरेख ठेवायची आहे, असे मानू. त्यासाठी तीन तपासण्या पुरेशा आहेत.

पहिली तपासणी जोडणीची. यासाठी ‘चेक पिंग’ हे तयार प्लग-इन वापरता येते. उत्तर येण्यास १०० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला किंवा २० टक्के संदेश हरवले तर इशारा, आणि ५०० मिलिसेकंद किंवा ६० टक्के ही मर्यादा ओलांडली तर गंभीर स्थिती, अशा सीमा त्याला ठरवून देता येतात.

दुसरी तपासणी विजेची. ग्रामीण भागात वीज खंडित होणे ही नेहमीची बाब असल्याने यूपीएसची बॅटरी किती उरली आहे हे आधीच कळणे उपयोगाचे असते. त्यासाठी ‘चेक यूपीएस’ हे प्लग-इन उपलब्ध आहे. बॅटरी ठरावीक पातळीखाली जाताच सर्व्हर व्यवस्थित बंद करण्याची आज्ञा देता येते.

तिसरी तपासणी राखीव प्रतीची. ही त्या कार्यालयाची विशिष्ट गरज असल्याने तिच्यासाठी स्वतःचे प्लग-इन लिहावे लागेल. शेवटची राखीव प्रत २६ तासांच्या आतली असेल तर ०, त्याहून जुनी असेल तर १, ५० तासांहून जुनी असेल तर २, आणि प्रती ठेवलेले फोल्डर वाचताच आले नाही तर ३, असा त्याचा तर्क असेल. रोज रात्री एक प्रत घेतली जाते आणि तिला थोडा उशीर होऊ शकतो, म्हणून मर्यादा २४ ऐवजी २६ तासांची ठेवली आहे.

या तिसऱ्या प्लग-इनमध्ये एक सामान्य चूक होण्याचा संभव असतो. शेल भाषेतील प्रोग्रॅम जर शेवटी केवळ एक ओळ छापून संपला, तर ती ओळ छापण्यात यश आले म्हणून त्याचा संकेतांक ० येतो. फोल्डर वाचता आले नाही तरी नागिओसला ‘ठीक’ असेच उत्तर मिळते. पायथन भाषेत न हाताळलेली चूक उद्भवल्यास प्रोग्रॅम १ हा संकेतांक देऊन थांबतो. तेथे ‘अज्ञात’ असायला हवी ती स्थिती ‘इशारा’ म्हणून नोंदली जाते. पहिली चूक अधिक घातक आहे. कित्येक दिवस प्रती घेतल्या जात नसतानाही फलकावर हिरवा रंग दिसत राहतो आणि डिस्क निकामी झाल्यावरच ती बाब उघडकीस येते. म्हणून ‘मला तपासता आले नाही’ आणि ‘तपासले, सर्व ठीक आहे’ या दोन उत्तरांत भेद करणे ही चांगल्या प्लग-इनची पहिली कसोटी मानली जाते.

## सॉफ्टवेअर बांधणीतील प्लग-इन: जेन्किन्स

जेन्किन्स हे सॉफ्टवेअरची बांधणी, चाचणी आणि वितरण आपोआप करणारे सर्व्हर सॉफ्टवेअर आहे. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना ‘हडसन’ या नावाने त्याची सुरुवात केली. ओरॅकलने सन ही कंपनी विकत घेतल्यानंतर नावाच्या हक्कावरून मतभेद झाले आणि २०११ मध्ये समुदायाने प्रकल्पाचे नाव जेन्किन्स असे ठेवले.

जेन्किन्ससाठी १,८०० हून अधिक प्लग-इन उपलब्ध आहेत. कोडच्या भांडारातून फायली आणणे, पासवर्ड व चाव्या सांभाळणे, निकाल ई-मेलने कळवणे, ही कामेही प्लग-इनद्वारेच होतात. एक प्लग-इन दुसऱ्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर अवलंबून असते. त्यामुळे एकाची आवृत्ती वाढवली की इतर अनेकांची वाढवावी लागते आणि पुष्कळदा सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

बहुसंख्य प्लग-इन स्वयंसेवकांनी लिहिलेले आहेत. लेखकाचा वेळ किंवा रस संपला की प्लग-इन अनाथ होते. अशी प्लग-इन इतरांनी दत्तक घ्यावीत यासाठी प्रकल्पाने औपचारिक व्यवस्था केली आहे. सुरक्षेतील त्रुटी प्रकल्पाच्या सूचनापत्रांतून जाहीर होतात. काही वेळा त्रुटी जाहीर होते, पण ती दुरुस्त करणारे कोणी नसते. अशा वेळी ते प्लग-इन काढून टाकणे किंवा त्याची जबाबदारी स्वतः घेणे, असे दोनच सुरक्षित मार्ग उरतात.

## संरचना व्यवस्थापन: अन्सिबल आणि टेराफॉर्म

अन्सिबल हे मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले सॉफ्टवेअर अनेक सर्व्हरवर एकसारखी संरचना बसवते. २०१५ मध्ये रेड हॅट कंपनीने ते घेतले. अन्सिबलच्या परिभाषेत ‘मॉड्यूल’ आणि ‘प्लग-इन’ यांत फरक आहे. मॉड्यूल सहसा ज्या सर्व्हरवर काम करायचे तेथे जाऊन चालते. प्लग-इन मात्र नियंत्रण करणाऱ्या संगणकावर चालते. जोडणी कशी करायची, सर्व्हरची यादी कोठून आणायची, निकाल कसा दाखवायचा, या बाबी प्लग-इन पाहते. सुरुवातीला हजारो मॉड्यूल मूळ सॉफ्टवेअरसोबतच मिळत. त्यांची देखभाल एकाच ठिकाणी करणे अवघड झाल्याने २०२० मधील २.१० या आवृत्तीपासून ती ‘कलेक्शन’ नावाच्या वेगवेगळ्या संचांत विभागण्यात आली.

टेराफॉर्म हे हॅशिकॉर्प कंपनीचे २०१४ मधील सॉफ्टवेअर क्लाउडवरील सर्व्हर, जाळे व साठवण यांची मांडणी लिखित स्वरूपात घेऊन ती प्रत्यक्षात आणते. प्रत्येक क्लाउड सेवेसाठी त्यात ‘प्रोव्हायडर’ नावाचे प्लग-इन असते. २०१७ मधील ०.१० या आवृत्तीपासून प्रोव्हायडर गाभ्यापासून वेगळे केले गेले. २०२० च्या अखेरीस आलेल्या ०.१४ या आवृत्तीपासून टेराफॉर्म वापरलेल्या प्रोव्हायडरची आवृत्ती आणि त्याच्या फायलीचा अंकीय ठसा एका ‘लॉक फाइल’मध्ये नोंदवते. नंतर त्याच नावाने वेगळी फाइल आली तर ठसा जुळत नाही आणि काम थांबते.

दोन्ही सॉफ्टवेअरचा प्रवास एकाच दिशेने झाला आहे. गाभा आणि प्लग-इन यांची गती वेगळी असते. क्लाउड सेवा बदलली की प्लग-इन लगेच बदलावे लागते, तर गाभा सावकाश बदलणेच श्रेयस्कर असते. दोघांना एकत्र बांधल्यास दोघांचीही अडचण होते.

## हिंगोली जिल्हा आणि वैज्ञानिक संगणन

सेनगाव ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा नियोजित आहे. तिला केंद्र सरकारने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि ६ एप्रिल २०२३ रोजी अंतिम मंजुरी दिली. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये असून वेधशाळेच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. पुण्याची आयुका ही संस्था प्रकल्पातील सहभागी संस्थांपैकी एक आहे.

अशा वेधशाळांची माहिती एका ठिकाणी साठवून, दुसऱ्या ठिकाणी वाटून, तिसऱ्या ठिकाणी तपासली जाते. लायगोच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यात या कामासाठी एचटीकॉन्डॉर हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील केंद्रात विकसित झालेले सॉफ्टवेअर वापरले जाते. आयुकामधील ‘सारथी’ हा संगणक समूह याच सहकार्याच्या संगणन जाळ्याचा भाग आहे.

एचटीकॉन्डॉर एका वेळी हजारो गणनाकामांची वाटणी वेगवेगळ्या संगणकांवर करते. प्रत्येक कामाला लागणारी माहिती त्या संगणकापर्यंत पोहोचवण्यासाठी ‘फाइल स्थानांतर प्लग-इन’ असतात. यजमान सुरुवातीला प्लग-इनला एक ठरावीक प्रश्न विचारतो आणि ‘मी अमुक प्रकारच्या पत्त्यांवरून फायली आणू शकतो’ असे उत्तर मिळवतो. नंतर एखाद्या कामाच्या यादीत तशा प्रकारचा पत्ता आला की यजमान योग्य ते प्लग-इन चालवतो. माहिती साठवण्याची नवी पद्धत आली तरी एचटीकॉन्डॉरचा गाभा बदलावा लागत नाही. त्या पद्धतीचे एक प्लग-इन जोडले की पुरते. दशकानुदशके चालणाऱ्या वैज्ञानिक प्रकल्पांसाठी हा गुण महत्त्वाचा ठरतो, कारण प्रकल्प सुरू होताना असलेले साठवण तंत्रज्ञान त्याच्या अखेरीपर्यंत टिकत नाही.

## महाराष्ट्रातील उद्योग

संचालन स्वयंचलनाच्या सॉफ्टवेअरचा विकास पुण्यात मोठ्या प्रमाणावर होतो. कंट्रोल-एम हे कामांचे वेळापत्रक चालवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बीएमसी या अमेरिकी कंपनीचे विकास केंद्र पुण्यात आहे. डेटाबेस, फाइल स्थानांतर, क्लाउड सेवा इत्यादींसाठी कंट्रोल-एमची वेगवेगळी प्लग-इन असतात. पुण्यात काम करणारी ऑटोमेशनएज ही कंपनीही याच क्षेत्रातील आहे. या क्षेत्रातील अनेक नोकऱ्यांमध्ये गाभ्याचा विकास करण्यापेक्षा ग्राहकाच्या यंत्रणेला जुळणारे प्लग-इन लिहिणे आणि सांभाळणे हेच मुख्य काम असते.

## मालकी आणि देखभाल

प्लग-इन आणि यजमान यांचे मालक वेगळे असतील तर वाद उद्भवू शकतात. नागिओसची प्रमाण प्लग-इन स्वयंसेवकांचा एक गट सांभाळत असे, तर नागिओस या नावाचे हक्क कंपनीकडे होते. जानेवारी २०१४ मध्ये प्लग-इन प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा पत्ता कंपनीच्या सर्व्हरकडे वळवण्यात आला. त्या वेळच्या देखभाल गटाने ‘मॉनिटरिंग प्लगइन्स’ या नावाने आपले काम पुढे चालू ठेवले. परिणामी समान उगमाचे दोन संच अस्तित्वात आले. परवाना मुक्त असल्यामुळे कोडवर कोणाचीही अडवणूक झाली नाही. वाद झाला तो नाव आणि पत्ता यांवरून.

## सुरक्षितता

स्वयंचलनाच्या सॉफ्टवेअरकडे अनेक सर्व्हरचे पासवर्ड आणि चाव्या असतात. त्यामुळे त्यात बसवलेले प्लग-इन हे एका अर्थी सर्व दारांच्या किल्ल्यांजवळ बसवलेले असते.

या धोक्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेला सोलरविंड्स हल्ला. सोलरविंड्स कंपनीचे ओरायन हे देखरेखीचे सॉफ्टवेअर जगभर वापरले जात होते. हल्लेखोरांनी कंपनीच्या बांधणी प्रक्रियेत शिरकाव करून ओरायनच्या एका प्लग-इनमध्ये छुपा मार्ग घातला. ते प्लग-इन कंपनीच्याच अंकीय स्वाक्षरीसह नेहमीच्या अद्ययावत आवृत्तीतून ग्राहकांपर्यंत गेले. बसवल्यानंतर ते सुमारे दोन आठवड्यांपर्यंत निष्क्रिय राहत असे, त्यामुळे संशय येत नसे. सुमारे १८,००० ग्राहकांनी ती आवृत्ती घेतली होती. मात्र प्रत्यक्ष पुढचा हल्ला त्यांतील थोड्यांवरच झाला. अंकीय स्वाक्षरीवरून प्लग-इन कोणाकडून आले एवढेच सिद्ध होते, ते निर्दोष आहे हे सिद्ध होत नाही, ही बाब या घटनेने स्पष्ट केली.

भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. कोणत्या प्लग-इनने कधी, कोणत्या सर्व्हरवर, कोणाच्या अधिकाराने काम केले याची नोंद नसेल तर इतक्या कमी वेळात घटनेचा उगम सांगणे कठीण जाते.

## वापरातील सर्वसाधारण दक्षता

प्लग-इन वापरताना पुढील बाबी पाळल्या जातात.

* बसवण्यापूर्वी प्लग-इनचा लेखक, परवाना, शेवटच्या आवृत्तीची तारीख आणि जाहीर त्रुटी पाहिल्या जातात.
* प्लग-इनला कामापुरतेच अधिकार दिले जातात. केवळ मोजमाप करणाऱ्या प्लग-इनला बदल करण्याचे अधिकार लागत नाहीत.
* आवृत्ती निश्चित करून तिचा अंकीय ठसा नोंदवला जातो. नवी आवृत्ती आधी चाचणी यंत्रणेवर चालवून पाहिली जाते.
* पासवर्ड प्लग-इनच्या कोडमध्ये न लिहिता वेगळ्या सुरक्षित भांडारात ठेवले जातात.
* प्रत्येक प्लग-इनला कालमर्यादा ठरवून दिली जाते. नागिओसच्या प्रमाण प्लग-इनमध्ये ती सहसा १० सेकंद असते.
* देखरेखीचे प्लग-इन मुद्दाम बिघाड घडवून तपासले जाते. सर्व काही सुरळीत असताना ‘ठीक’ हे उत्तर मिळाल्याने प्लग-इन योग्य आहे असे ठरत नाही.
* वापरात नसलेली प्लग-इन काढून टाकली जातात. बसवलेल्या प्रत्येक प्लग-इनसाठी जबाबदार व्यक्ती नेमलेली असते.

## मर्यादा

प्लग-इनची संख्या वाढली की यजमानाचा नियमसंच बदलणे अवघड होते, कारण एका बदलाने शेकडो प्लग-इन निकामी होऊ शकतात. एकाच कामासाठी अनेक प्लग-इन उपलब्ध असल्यास निवड करण्यात वेळ जातो. लहान कार्यालयांत स्वतः लिहिलेले प्लग-इन बहुधा एकाच कर्मचाऱ्याला ठाऊक असते. त्याची बदली झाली की ते चालू राहते, पण ते नेमके काय तपासते हे सांगणारे कोणी उरत नाही. त्यामुळे प्लग-इनसोबत त्याचा हेतू, मर्यादा आणि अपयशाच्या वेळी अपेक्षित असलेले वर्तन लिहून ठेवणे हा त्याच्या कोडइतकाच आवश्यक भाग मानला जातो.